न सांगितलेला दाब

महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांत राहात होते, त्या काळांत त्यांच्या शरीरांतील दाबाकडे साऱ्या हिंदुस्थानचें लक्ष लागलेलें असे. गांधीजींचा रक्तदाब वाढला, गांधीजींचा रक्तदाब उतरला, हें वृत्त वर्तमानपत्रें छापीत आणि लोक तें काळजीनें वाचीत. १९४० च्या फेब्रुवारींतील एका नोंदींत तो २२०/११० इतका लिहिलेला आहे. पुढें त्यांच्या प्रकृतीचे कागद प्रसिद्ध झाले, तेव्हां असे आंकडे सर्वांना पाहावयास मिळाले. मोठ्या माणसाच्या शरीरांतील दाब असा मोजला जातो, लिहिला जातो व जपून ठेवला जातो.

परंतु त्याच जिल्ह्यांत, कपाशीच्या शेतांत निंदण करणाऱ्या, डोक्यावरून घागरी वाहणाऱ्या, चार-पांच बाळंतपणांतून गेलेल्या स्त्रियांच्या पोटांत दुसरा एक दाब होता, आणि त्याची नोंद कोणीं केली नाहीं. फार काय, जिला तो छळीत असे तीही त्याविषयीं घरांत बोलत नसे. या दुसऱ्या दाबाची, म्हणजे मूत्राशयांतील व मूत्रमार्गांतील दाबाची, मोजणी माणसानें कशी केली, तो इतिहास आज सांगावयाचा आहे. विषय संकोचाचा आहे, हें खरें. पण संकोच हाच या इतिहासांतील एक मुख्य अडथळा आहे. त्याला वगळून ही हकीकत सांगतां येणार नाहीं.

खोकला आला, शिंक आली, हंसूं आलें किंवा जड भांडें उचललें, कीं लघवीचे थेंब नकळत सुटतात. अथवा एकाएकीं अशी घाई होते, कीं मोरीपर्यंत पोंचण्याइतकाही धीर धरवत नाहीं. ही तक्रार बहुधा जिवावर बेतत नाहीं, म्हणून तिला रोगाचा मान मिळत नाहीं. तरी पण तिनें माणसाचें जगणें हळूहळू आंखडत जातें. आधीं लांबचा प्रवास सुटतो. कीर्तनाला गेल्यास दाराजवळची जागा धरावी लागते. पुढें कीर्तनाला जाणेंच बंद होतें. तहान लागली तरी पाणी बेतानें पिण्याची संवय जडते. आपण पूजेला बसण्याजोग्या राहिलों नाहीं, असें एखाद्या बाईला वाटूं लागतें. हा त्रास पुरुषांनाही होतो. पण गर्भारपण व बाळंतपण यांचा ताण स्त्रियांवर पडत असल्यामुळें त्यांच्यांत तो पुष्कळ अधिक आढळतो. घरांतील शहाणीं माणसें "वय झालें, चालायचेंच" असें म्हणून विषय मिटवितात. आणि ज्या बाईचें वय अजून पस्तिशीच्याही आंत आहे, ती तर तेंही ऐकावयास नको म्हणून गप्प बसते.

आपल्या प्राचीन वैद्यकानें या अवयवाला हलकें लेखलेलें नाहीं. चरकसंहितेंत शिर, हृदय आणि बस्ति हीं तीन श्रेष्ठ मर्में मानलीं आहेत; त्यांतील बस्ति म्हणजेच मूत्राशय. मूत्राचा वेग कोंडून धरूं नये, हा उपदेशही आयुर्वेदांत आग्रहानें केलेला आहे. वेग कोंडल्यानें होणारा अपाय जुन्या वैद्यांनीं नीट ओळखला होता. परंतु कोंडूं म्हटलें तरी जो कोंडत नाहीं, त्या वेगाचें बळ किती आणि त्याला अडविणाऱ्या दाराचें बळ किती, हें मोजण्याचें साधन त्या काळीं जगांत कोणाजवळच नव्हतें.

मोजावयाचें तें काय, हें आधीं थोडक्यांत पाहूं. मूत्राशय ही स्नायूंची एक पिशवी आहे. तिच्या तोंडापासून मूत्रमार्ग निघतो. स्त्रीच्या शरीरांत त्याची लांबी अवघी तीन-चार सेंटिमीटर असते. पिशवी भरत असतांना तिचे स्नायू सैल राहतात, त्यामुळें ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र सांठलें तरी आंतील दाब फारसा चढत नाहीं. उलट मूत्रमार्ग मात्र आवळलेला असतो, आणि त्यांतील दाब पिशवींतील दाबापेक्षां अधिक असतो. म्हणून मूत्र आंत राहतें. विसर्जनाच्या वेळीं आधीं मार्ग सैल होतो, मग पिशवी आवळते. सारा व्यवहार दोन दाबांच्या तुलनेचा आहे. पिशवींतला दाब मार्गांतल्या दाबाहून वरचढ झाला, कीं मूत्र बाहेर पडतें. पण तो वरचढ कां झाला? पिशवी अवेळीं आवळली म्हणून, कीं मार्गच दुबळा पडला म्हणून? बाहेरून दिसणारें चिन्ह एकच, तें म्हणजे ओलें वस्त्र. कारणें मात्र दोन, आणि त्यांचे उपायही वेगवेगळे. मोजणीची गरज उत्पन्न झाली ती येथें.

याहून निराळें असें एक तिसरें कारणही आहे, आणि इतिहासांत डॉक्टरांचें लक्ष प्रथम त्याच्याकडेच गेलें. बाळंतीण दिवसेंदिवस अडली, बाळाचें डोकें ओटीपोटांत अडकून राहिलें, तर मूत्राशय व योनिमार्ग यांमधील पडदा दबून सडतो व त्याला भोंक पडतें. मग अहोरात्र मूत्र पाझरत राहतें. येथें दाबाचा प्रश्न नसतो. भांडेंच फुटलेलें असतें. अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरनें १८४५ ते १८४९ या वर्षांत अशीं भोंकें शिवण्याचे प्रयोग केले. ते त्यानें गुलामगिरींत असलेल्या निग्रो स्त्रियांवर, त्यांना भूल न देतां केले. त्यांतील अनार्का नांवाच्या तरुणीवर सुमारें तीस वेळां शस्त्र चालविल्यावर त्याला यश आलें. पुढें त्या शस्त्रक्रियेनें जगांतील असंख्य स्त्रियांचें दुःख निवारण केलें. पण ही विद्या ज्यांच्या वेदनेंतून निघाली, त्या बायकांना नाहीं म्हणण्याचा अधिकार नव्हता, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. स्त्रीच्या लाजेचा आणि असहायतेचा प्रश्न या शास्त्राला जन्मापासूनच चिकटलेला आहे.

आतां दाबाकडे वळूं. शरीरांतील दाब मोजण्याची कल्पना इंग्लंडांतील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाची. त्यानें घोडीच्या रोहिणींत पितळी नळी घालून तिला उंच कांचेची नळी जोडली, आणि रक्त त्या नळींत किती चढतें तें पाहिलें; तें आठ फुटांहून वर चढलें. हा प्रयोग त्यानें १७३३ मध्यें प्रसिद्ध केला. द्रवाचा स्तंभ जितका उंच चढेल तितका दाब, हें साधें तत्त्व त्यानें शरीराला लावून दाखविलें. मूत्राशयाचा दाब आजही पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरांतच सांगतात. यंत्रें बदललीं, पण माप त्याच नळीचें राहिलें.

हें तत्त्व मूत्राशयाला लागूं होण्यास आणखी जवळजवळ दीडशें वर्षें जावीं लागलीं. १८७६ मध्यें पॉल द्यूबुआ या स्विस डॉक्टरानें मूत्राशयांतील दाबाविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. माणूस निजला असतांना, बसला असतांना व उभा असतांना मूत्राशयांत व गुदाशयांत किती दाब असतो, हें त्यानें पाहिलें. दिसावयास ही लहानशी गोष्ट आहे. पण पुढच्या साऱ्या मोजणीचें बीज तिच्यांत आहे. मूत्राशयावर पोटांतील इतर अवयवांचाही भार पडतो, तेव्हां नळींत दिसणारा सारा दाब मूत्राशयाचा स्वतःचा नव्हे, ही जाणीव तेथून सुरू झाली.

यानंतर इटलींतील तुरिन शहरीं आंजेलो मोस्सो आणि पाओलो पेल्लाकानी या दोघांनीं १८८१-८२ च्या सुमारास जे प्रयोग केले, ते तर फारच उद्बोधक आहेत. त्यांनीं स्त्रियांच्या मूत्राशयांत नळी घालून ती लेखणी जोडलेल्या यंत्राला लावली व फिरत्या कागदावर दाबाची रेघ काढून घेतली. त्यांना असें आढळलें, कीं हाताला नुसता स्पर्श झाला, कोणी कांहीं बोललें, मनाला जरासा ताण पडला, तरी मूत्राशय आवळतो व रेघ वर चढते. मूत्राशय ही निर्जीव पखाल नव्हे. माणसाच्या मनांत जें चालतें त्याचा पडसाद तिच्यांत उमटतो. म्हणजे परक्या माणसांसमोर संकोचानें अंग चोरून पडलेल्या स्त्रीचा दाब आपण मोजतों, तेव्हां तिच्या रोगाबरोबर तिच्या संकोचाचेंही थोडेंसें माप यंत्रावर येतें. ही गोष्ट पुढील शंभर वर्षांत पुष्कळ डॉक्टर विसरले, आणि पुन्हां पुन्हां त्यांना ती आठवावी लागली.

विसाव्या शतकांत ही विद्या प्रयोगशाळेंतून रुग्णालयांत आली. लंडनचे प्रख्यात स्त्रीरोगतज्ज्ञ व्हिक्टर बॉनी यांनीं १९२३ मध्यें स्त्रियांच्या अनावर लघवीवर एक लेख लिहिला. त्यांनीं उलट बाजूनें मोजणी केली. मूत्रमार्गाच्या बाहेरच्या तोंडांतून पाणी आंत लोटावयाचें, आणि किती दाबाला दार हार खाऊन तें आंत शिरूं देतें, तें दाबमापकावर पाहावयाचें. दाराचें बळ मोजण्याचा हा सरळ उपाय होता. १९२७ मध्यें अमेरिकेंतील सेंट लुईस येथील डी. के. रोझ यांनीं मूत्राशयांत पाणी हळूहळू भरत जाऊन प्रत्येक टप्प्यास दाब टिपणारें एक उपकरण तयार केलें व त्याला सिस्टोमीटर असें नांव दिलें. मज्जासंस्थेच्या रोगांत मूत्राशय कसा बिघडतो, हें त्या रेघेवरून ओळखतां येऊं लागलें. सहा वर्षांनीं, म्हणजे १९३३ मध्यें, डेनी-ब्राऊन आणि रॉबर्टसन या मज्जातज्ज्ञांनीं आपले प्रसिद्ध निबंध लिहिले. मूत्रविसर्जन हें नुसतें भांडें भरून सांडणें नव्हे. पिशवी ताणली गेली कीं तिला आवळण्याची प्रेरणा होते, आणि मेंदू त्या प्रेरणेला आवर घालून ठेवतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. लहान मूल हाच आवर शिकतें, आणि तो शिकलें म्हणजे मूल मोठें झालें असें आपण म्हणतों. प्रौढ वयांत तो सुटल्यावर माणसाला पुन्हां लहान झाल्यासारखें ओशाळें वाटतें, याचें मूळ येथें आहे.

या इतिहासांतील मला सर्वांत हृद्य वाटणारा टप्पा १९४८ सालचा आहे. त्या वर्षीं लॉस एंजेलिस येथील आर्नोल्ड केगेल या स्त्रीरोगतज्ज्ञांनीं एक साधें उपकरण पुढें आणलें. हवेनें भरलेला एक लहानसा रबरी फुगा, त्याला जोडलेली नळी आणि नळीच्या टोंकाला कांटा असलेली तबकडी. ओटीपोटाच्या तळाशीं स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय व आंतडीं तिच्यावर टेकलेलीं असतात. योनिमार्गांत फुगा ठेवून स्त्रीनें ते स्नायू आवळले, कीं कांटा वर सरके, आणि तो तिला स्वतःलाच दिसे. आजवर माप घेणारा डॉक्टर आणि माप देणारी रोगी, असा सरळ भेद होता. केगेलनें तबकडी रोग्याच्या हातांत दिली. आज कांटा कालच्यापेक्षां थोडा पुढें गेला, हें पाहून ती बाई उद्यां अधिक नेटानें व्यायाम करी. मोजणीच उपचार झाली. आणि या व्यायामाचा विशेष असा, कीं एकदां ते स्नायू नीट ओळखतां आले म्हणजे यंत्राची गरज उरत नाहीं. घरांत बसल्या जागीं, कोणाच्याही नकळत, तो करतां येतो. खोकतां-शिंकतां होणाऱ्या त्रासावर आजही प्रथम हाच उपाय सांगतात.

तरी दोन दाबांची तुलना एकाच क्षणीं करणें बाकी होतें. तें काम स्वीडनमधील एन्हॉर्निंग यांनीं १९६१ मध्यें तडीस नेलें. त्यांनीं मूत्राशयांतील व मूत्रमार्गांतील दाब एकाच वेळीं नोंदून दाखविला, आणि त्यांतून खोकल्याचें कोडें उलगडलें. आपण खोकतों तेव्हां पोटांतील दाब क्षणांत कितीतरी वाढतो. तो शंभर सेंटिमीटर पाण्याच्याही वर जाऊं शकतो. इतक्या दाबानें मूत्राशय पिळला जात असतां निरोगी स्त्रीचें मूत्र कां सुटत नाहीं? कारण मूत्रमार्गाचा वरचा भागही पोटाच्याच दाबाच्या टापूंत येतो. जो धक्का पिशवीला बसतो, तोच दारालाही बाहेरून आवळतो. बाळंतपणांनीं आधाराचे स्नायू व बंध सैल झाले, मूत्राशयाची मान खालीं घसरली, म्हणजे धक्का पिशवीला पूर्ण बसतो, पण दाराला तितकी मदत मिळत नाहीं. पुढें १९६९ मध्यें ब्राऊन आणि विकहॅम यांनीं बारीक छिद्रांची नळी मूत्रमार्गांतून सावकाश ओढून घेत त्याच्या संपूर्ण लांबीचा दाब रेखाटण्याची सोपी रीत सांगितली. आलेखावर दाराचा जणूं एक डोंगर उभा राहिला. त्याची उंची किती, पायथ्याची लांबी किती, तें डोळ्यांना दिसूं लागलें. १९७१ मध्यें या विषयाला वाहिलेली आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, आणि निरनिराळ्या देशांतील डॉक्टरांनीं एकच शब्द व एकच मापें वापरावीं, अशी शिस्त तिनें घालून दिली.

आज ही तपासणी साधारणपणें अशी होते. एक बारीक नळी मूत्राशयांत व दुसरी गुदाशयांत ठेवतात. पहिलीच्या दाबांतून दुसरीचा दाब वजा केला, म्हणजे मूत्राशयाच्या स्नायूचा स्वतःचा दाब उरतो. द्यूबुआनें १८७६ मध्यें जी अडचण दाखविली होती, तिची ही सोडवणूक. मग मूत्राशयांत निर्जंतुक पाणी हळूहळू सोडतात. भावना केव्हां होते, घाई केव्हां होते, तें विचारतात. खोकावयास सांगतात, आणि पाणी कोणत्या क्षणीं सुटतें तें पाहतात.

त्या क्षणाला एवढें महत्त्व कां? समजा, दोन बायका आल्या. दोघीही सांगतात, खोकलें कीं लघवी होते. पहिलीच्या आलेखांत मूत्राशय शांत असतो. खोकल्याच्या धक्क्यासरशीं पाणी येतें व धक्क्याबरोबर थांबतें. येथें दार दुबळें आहे. त्याला आधार द्यावा. दुसरीच्या आलेखांत खोकल्यानंतर थोड्या वेळानें मूत्राशयच आवळतो आणि मग पाणी येतें. खोकल्यानें त्याला नुसतें डिवचलें. हिच्या दाराला टांके घालून आधार दिला, तर मूळ दुखणें तसेंच राहील, कदाचित् वाढेल. अशा अनुभवांमुळेंच इंग्लंडांतील डॉक्टर बेट्स यांच्या वेळेपासून मूत्राशय हा भरंवशाचा साक्षीदार नव्हे, असें म्हणण्याचा प्रघात पडला. आणि कांहीं ठिकाणीं तर ही मोजणी जीवनमरणाची ठरते. पाठीच्या कण्यांत जन्मतःच दोष असलेल्या मुलांत, ४० सेंटिमीटरांहून अधिक दाब चढल्याशिवाय मूत्र सुटत नसेल, तर तो दाब वरच्या वर मूत्रपिंडांना नासवितो, असें अमेरिकेंतील मॅग्वायर यांनीं १९८१ मध्यें दाखवून दिलें. तेव्हांपासून अशा मुलांचीं मूत्रपिंडें वेळींच वांचवितां येऊं लागलीं.

येथपर्यंतची हकीकत लंडन, तुरिन, लॉस एंजेलिस येथील झाली. आतां पुन्हां वर्ध्यास येऊं. कारण मोजणीच्या इतिहासाची दुसरी बाजू तेथें दिसते. ज्या रोगाचें नांव काढण्याची लाज वाटे, अशा रोगाशीं कसें वागावें याचा एक धडा या जिल्ह्यानें फार पूर्वीं घालून दिला आहे. १९३६ मध्यें मनोहरजी दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें कुष्ठरोग्यांची सेवा आरंभिली. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित कुष्ठरोगानें पीडित होऊन सेवाग्रामास आले, तेव्हां गांधीजींनीं त्यांना आश्रमांत ठेवून घेतलें, आणि ते स्वतःच्या हातांनीं त्यांच्या अंगाला मालिश करीत. लाजावें तें रोगानें, रोग्यानें नव्हे, हाच त्या कृतीचा अर्थ होता.

कस्तूरबांचें निधन १९४४ च्या फेब्रुवारींत पुण्यास आगाखान महालांतील बंदिवासांत झालें. त्यानंतर त्यांच्या नांवानें सेवाग्राममध्यें १९४५ साली एक रुग्णालय निघालें. तें अवघें १५ खाटांचें होतें, आणि मुद्दाम स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं होतें. तें उभें करणाऱ्या डॉक्टर सुशीला नायर स्वतः स्त्री होत्या. खेड्यांतील बाईला आपलें दुखणें स्त्रीपाशीं सांगतां यावें, ही सोय त्या काळीं केवढी मोठी होती, हें सांगावयास नको. १९६९ मध्यें, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, त्याच रुग्णालयाभोंवतीं वैद्यकीय महाविद्यालय उभें राहिलें. लंडनमध्यें मूत्रमार्गाच्या दाबाचा आलेख काढण्याची रीत प्रसिद्ध झाली, तें वर्षही हेंच. एकीकडे दुखण्याचें माप अधिक सूक्ष्म होत होतें. दुसरीकडे दुखणें जेथें राहतें तेथें जाण्याची तयारी चालली होती. या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक खेडें दत्तक घेते, तेथें शिबिरास जाऊन राहते व घरोघर फिरते. पुढें डॉक्टर उल्हास जाजू यांच्या पुढाकारानें आसपासच्या खेड्यांत आरोग्यविम्याची अशी योजना चालली, कीं सुगीच्या वेळीं कुटुंबानें आपल्या ऐपतीप्रमाणें ज्वारी द्यावी आणि दुखण्याच्या वेळीं रुग्णालयानें त्याला सांभाळावें. हातांत रोकड नसलेल्या घरांतील बाईलाही त्यामुळें रुग्णालयाची पायरी चढणें शक्य झालें.

पायरी चढणें हा शब्द मी मुद्दाम वापरला. सेवाग्रामच्याच वातावरणांत वाढलेले डॉक्टर अभय बंग आणि त्यांच्या पत्नी डॉक्टर राणी बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ मध्यें प्रसिद्ध केले. शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकीं कांहीं ना कांहीं रोग होता. आणि पूर्वीं कधीं तशी तपासणी करवून घेतलेल्या स्त्रिया शंभरांत केवळ ८ होत्या. हे आंकडे एकट्या लघवीच्या तक्रारीचे नव्हेत; पण त्यांचा बोध आपल्या विषयाला पुरेपूर लागूं पडतो. तें दुःख नवें नव्हतें. तें विचारलें गेलें, हीच नवी गोष्ट होती. जगांतील उत्तमांतलें उत्तम दाबमापक यंत्र ८ बायकांचा दाब अचूक मोजील. उरलेल्या ९२ बायकांच्या दाबाविषयीं तें मुकेंच राहील.

आणि यंत्राच्या बाबतींत एक शहाणपणाची गोष्ट पाश्चात्त्य डॉक्टरांनींच पुढें सिद्ध केली. १९७० नंतर पुष्कळ वर्षें अशी समजूत होती, कीं शस्त्रक्रियेपूर्वीं दाबाची मोजणी केलीच पाहिजे. अमेरिकेंत ६३० स्त्रियांवर एक काटेकोर तुलना करण्यांत आली. ज्यांना मुख्यतः खोकतां-शिंकतांच त्रास होई, आणि खोकल्याबरोबर पाणी सुटतांना डॉक्टरांनीं प्रत्यक्ष पाहिलें, अशाच या स्त्रिया होत्या. निम्म्या स्त्रियांची यंत्रानें मोजणी केली. निम्म्यांची केवळ नीट विचारपूस व साधी तपासणी केली. १२ महिन्यांनंतर पहिल्या गटांत ७६.९ टक्के व दुसऱ्या गटांत ७७.२ टक्के स्त्रियांना गुण आला. हा निष्कर्ष २०१२ मध्यें प्रसिद्ध झाला. याचा अर्थ यंत्र निरुपयोगी असा नव्हे. मज्जासंस्थेचा रोग असेल, तक्रार मिश्र असेल, एकदां केलेली शस्त्रक्रिया फसली असेल, मूत्राशय पुरता रिकामा होत नसेल, तर मोजणीवांचून गत्यंतर नाहीं. पण साध्या दुखण्यांत नीट विचारलेला प्रश्न, लक्षपूर्वक ऐकलेलें उत्तर, दिवसांतून किती वेळां व किती लघवी झाली याची घरीं ठेवलेली दोन-तीन दिवसांची नोंद आणि खोकावयास सांगून केलेली साधी तपासणी, एवढ्यानें काम भागतें. या साऱ्या गोष्टी खेड्यांतील दवाखान्यांतही होऊं शकतात.

शतकाहून अधिक काळ चाललेल्या या मोजणीनें साधलें तें काय? तिनें एका लाजिरवाण्या गोष्टीला जमाखर्चाचें रूप दिलें. बाईच्या स्वभावांत दोष नाहीं, तिच्या स्वच्छतेंत दोष नाहीं, तिच्या नशिबांतही दोष नाहीं. एका जागीं इतके सेंटिमीटर दाब जास्त आहे अथवा दुसऱ्या जागीं तितके सेंटिमीटर कमी आहे, एवढेंच काय तें. जें आंकड्यांत सांगतां येतें, त्याची लाज वाटण्याचें कारण उरत नाहीं. गांधीजींच्या रक्तदाबाचा आंकडा वर्तमानपत्रांत छापला म्हणून त्यांच्याकडे कोणी कमीपणानें पाहिलें नाहीं. घरांतील आजीचा, आईचा किंवा सासूबाईंचा हा दुसरा दाबही त्याच पंक्तीला बसविण्यास हरकत कोणती?

शहरांतील सुशिक्षित घरांत आज डॉक्टर जवळ आहे, तपासणीची सोय आहे, खर्चाची ऐपतही बहुधा असते. तरी या विषयांतील मौन शहरांतही तितकेंच दाट आहे. आई आतां यात्रेला यावयास कां तयार होत नाहीं, लग्नघरीं मुक्काम कां टाळते, पाण्याचा पेला अर्धाच पिऊन कां ठेवते, याचें कारण गुडघ्यांत किंवा वयांत शोधण्यापूर्वीं घरांतील एखाद्या मुलीनें अथवा सुनेनें तिला एकांतांत, मायेनें विचारून पाहावें. तिनें सांगितलें तर तिला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावें. पुढचें माप काढावयास शास्त्र समर्थ आहे.